पाळी कोणाची?

दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मधोमध एक मोकळा चौक आहे. सुरतेत त्याला सगळे सीओपी म्हणतात, म्हणजे कॉमन ओपन प्लॉट. पोरं सीओपीत खेळतात, गाड्या सीओपीत लागतात, गणपतीचा मांडव सीओपीत पडतो. ताबा मिळाला त्या वर्षी तिथे हिरवळ होती, मधे कारंजं होतं, कडेनं कोनोकार्पसची दाट भिंत होती आणि सिमेंटच्या छत्र्यांखाली बाक होते. आज कारंज्याच्या हौदात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कोणीतरी टाकलेली फुटकी फ्लशची टाकी पडली आहे. हिरवळीच्या जागी भेगाळलेली माती आहे आणि त्या मातीत मांडवाच्या खांबांचे खड्डे आहेत, काही गणपतीतले, काही नवरात्रातले. कोनोकार्पस तेवढा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचला. गेल्या पावसाळ्यात ड्रेनेजची लाइन तुंबली तेव्हा प्लंबरनं चेंबरमधून त्याच्या मुळांचा एक केसाळ जुडगा ओढून काढला. हातभर लांब होता, ओल्या दोरखंडासारखा.

या चौकाचं रिनोव्हेशन करायचं असं सभेत निघालं. एका लँडस्केपवाल्यानं कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं आणली होती. नवी हिरवळ, नवं कारंजं, पामची रांग, झाडांच्या बुंध्याशी दिवे. चित्रं खरोखर सुंदर होती आणि हात वर होऊ लागले. तेवढ्यात धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडून मुलाकडे राहायला आलेले एक आबा मागच्या खुर्चीवरून म्हणाले, “छान आहे. पण पाण्याची पाळी कोणाची?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. आबा सभासद नाहीत, फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, त्यामुळे प्रश्न नोंदवहीतही आला नाही. मला मात्र तो सोडवत नाही. उजाड पडलेल्या सोसायटीच्या बागेविषयी जे काही विचारण्यासारखं आहे ते त्या एका वाक्यात आलं असं मला वाटतं. पैसे कमी पडले म्हणून, माती वाईट होती म्हणून किंवा लोकांना झाडांची आवड नाही म्हणून अशा बागा मरत नाहीत. कोणाची पाळी हे कधी ठरलेलंच नसतं. ते न ठरवता नवी हिरवळ अंथरली तर तीही दोन उन्हाळ्यांत जाईल, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा कोणीतरी सुंदर चित्रं घेऊन येईल.

आधी ही जागा कशी जन्माला येते ते पाहू. गुजरातच्या बांधकाम नियमांत ठरावीक आकाराच्या वरच्या भूखंडावर साधारण दहा टक्के जागा सामाईक म्हणून मोकळी ठेवावी लागते. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या एकत्रित नियमावलीतही मोठ्या भूखंडांना दहा टक्क्यांचीच अट आहे. रेराच्या २०१६च्या कायद्यानं उद्यानं आणि खेळायच्या जागा सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत नावानिशी घातल्या, आणि त्या रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवायला बिल्डरला बांधून घेतलं. मुंबईत अशी जागा गाड्यांच्या मजल्यावर, पोडियमवर दाखवायची प्रथा पडू लागली होती. २०१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियमानं सोडायची मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, माथ्यावर उघडं आभाळ हवं. म्हणजे या चौकोनी तुकड्यासाठी कायद्यानं बरीच झटापट केली आहे. पण ती सारी जागा मोकळी राहावी यासाठी आहे. ती जिवंत कोणी ठेवायची याबद्दल कायदा गप्प आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते त्याचं कामच नव्हे. ते आपलं काम होतं आणि आपल्याला ते कोणी सांगितलं नाही.

बिल्डरनं लावलेली बाग कशासाठी असते? ताबा देण्याच्या दिवशी हिरवी दिसण्यासाठी. हे मी रागानं म्हणत नाही. तिचा हिशेबच तेवढ्या दिवसांचा असतो. आम्ही दोघा-तिघांनी मिळून चौकाच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा खणून पाहिला. वरची चार बोटं कुठून तरी आणलेली लाल माती. तिच्याखाली टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीचा कागद, विटांचा चुरा, आणि प्लास्टरचा घट्ट बसलेला एक थर, ज्यावर पहार टणकन वाजली. त्याच्याही खाली इथली मूळची काळी माती, ओली, चिकट, बोटांना न सोडणारी. संध्याकाळी खड्डा पाण्यानं भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हाही निम्मं पाणी तसंच उभं होतं.

पाचशे रुपयांच्या पहारीनं जे कळलं ते दहा वर्षांच्या सभांमध्ये कळलं नव्हतं. आमची बाग आम्ही दुर्लक्षानं मारली असं सगळे एकमेकांना म्हणत होते. खरं तर ती धड रुजलीच नव्हती. चार बोटं मातीतल्या हिरवळीला रोज पाणी लागतं, आणि आमच्याकडे बागेसाठी रोजचं पाणी म्हणजे बोअरचं. ते इतकं क्षारट की मेमध्ये मातीवर पांढरी पूड धरते. वर्षाला शहरावर बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत मुळं पाण्यात बुडायची, उरलेल्या आठांत मिठात भाजायची. तरी ती हिरवळ तीन वर्षं टिकली याचं मला आता आश्चर्य वाटतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी हे दोन प्रकार वेगळे करावे लागतात: जगू शकत होतं ते आपण मारलं, की जगूच शकत नव्हतं ते कोणीतरी आपल्या गळ्यात घातलं. पहिल्यावर उपाय आहे निगा. दुसऱ्यावर उपाय आहे वेगळीच बाग.

निगेबद्दल सुरतेला तरी कोणी शिकवायला नको. १९९४च्या सप्टेंबरात इथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून गेले. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं तेव्हा उधन्याहून जळगावकडच्या गाडीत लटकून गावी पोचली, ती आठवण अजून घरोघर सांगतात. पुढच्या वर्षी, १९९५मध्ये, एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. १९९६ साली इंटॅक या संस्थेनं सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. हे सगळ्यांना पाठ आहे आणि त्यातून सगळे एकच धडा काढतात: कडक साहेब पाहिजे. मला तो धडा अपुरा वाटतो. रावांनी काय केलं? अधिकाऱ्यांना रोज सकाळी काही तास कचेरीबाहेर, आपापल्या वॉर्डात फिरायला लावलं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘एसी टु डीसी’, वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. शहर बदललं ते त्या रोजच्या फेरीनं. कचऱ्याचा ढीग काल कुठे होता आणि आज कुठे आहे हे पाहणारा माणूस प्रत्येक गल्लीला मिळाला. आमच्या सीओपीला गेल्या दहा वर्षांत असा एक माणूस मिळाला नाही.

आणि मोठं काम करायची तर शहराला हौस आहे. अलथाण ते भीमराड पट्ट्यात खाडीकाठी ८७ हेक्टरांवर जैवविविधता उद्यान उभं करायचं काम २०२२मध्ये हाती घेतलं गेलं. मलिक गोपीनं पाचशे वर्षांपूर्वी बांधलेला गोपी तलाव पार बुजून गेला होता, तोही महापालिकेनं पुन्हा पाण्याला आणला. पण फाटकाच्या आतला चौक महापालिकेचा नाही. तिथे येऊन कोणी आयुक्त फेरी मारणार नाही.

मग फेरी कोणी मारायची? आबांच्या तोंडून ‘पाळी’ हा शब्द आला तो काही सहज नव्हे. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या काठी, धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फड पद्धत काही शतकं चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या शेतीचे मोठे मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे सगळ्यांची पाण्याची गरज एकसारखी. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. पाणी कुठे, किती वेळ सोडायचं हे पाहायला पाटकरी, चोरी होऊ नये म्हणून राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचं वेतन शेतकऱ्यांनी धान्याच्या रूपात द्यायचं. हंगामापूर्वी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला द्यायचं नाही हे एकत्र बसून ठरवायचं. आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे तुटीचा फटका एकट्यादुकट्याला बसत नसे. सरकारचं पाटबंधारे खातं निघण्याच्या कितीतरी आधी हे चालू होतं.

दिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या भागांत राहणारी आम्ही मंडळी त्याच खोऱ्यातून आलो. पांझरा आणि गिरणा तापीला मिळतात, तापी उकाईच्या धरणातून सुटून सुरतेला येते, आणि तेच पाणी आमच्या नळाला. आमच्या आजोबांना पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन जायचं असतं हे कोणी सांगावं लागत नव्हतं. त्यांची नातवंडं आम्ही. दीडशे कुटुंबांत एका चौकाच्या पाण्याचं ठरवता येत नाही, म्हणून ठेकेदाराची चित्रं मागवतो. मला याचं वाईट वाटतं, आणि ते नुसतं गावाच्या आठवणीनं नव्हे. आपल्याकडे असलेली एक जाण आपण गाडीत बसताना फलाटावर ठेवून आलो, याचं वाईट वाटतं.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९६८चा ‘सायन्स’मधला लेख फार गाजला. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण संपणार, हे अटळ आहे, असं त्याचं म्हणणं. उपाय दोनच: एक तर मालकी वाटून टाका, नाहीतर वरून सक्ती करा. सोसायटीच्या सभांत नेमके हेच दोन उपाय निघतात. एक गट म्हणतो, तळमजल्यावाल्यांना पुढची जागा वाटून द्या, ते आपापली बाग करतील. दुसरा म्हणतो, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवा, कुलूप लावा, कटकट संपली. हार्डिनचं नाव न ऐकलेली माणसंही हार्डिनच बोलत असतात.

एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी याला उत्तर दिलं ते खोलीत बसून नाही. स्वित्झर्लंडमधली डोंगरातली कुरणं, जपानमधली गावांची रानं, स्पेनमधले पाट, फिलिपाइन्समधल्या पाणीसंस्था अशा शेकडो वर्षं टिकलेल्या सामाईक व्यवस्था त्यांनी तपासल्या. १९९०च्या त्यांच्या पुस्तकात त्यांचा विचार एकत्र आला, आणि २००९मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. हार्डिननं पाहिलं ते कुरण कोणाचंच नसलेलं होतं, सामाईक नव्हतं, असं त्यांच्या कामातून दिसतं. सामाईक म्हणजे जिथे हद्द ठरलेली आहे, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले आहेत, पाहणारा त्यांच्यातलाच आहे, आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा थोडा दंड, मग जास्त, अशी चढती शिक्षा आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात पाटाचं पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं पंचमंडळ आजही दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी बसून पाण्याचे तंटे ऐकतं. पांझराकाठच्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

आमच्या चौकाला ऑस्ट्रॉम यांची फुटपट्टी लावली तर हद्द आहे, बाकी एकही गोष्ट नाही. म्हणून तो सामाईक दिसतो, पण असतो बेवारस.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फडावर पोट होतं. पाण्याची पाळी चुकली तर ऊस वाळायचा, वर्ष जायचं. सीओपीतलं झाड वाळलं तर कोणाचं काय जातं? इथली माणसं लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतात, कोणी टेक्स्टाइल मार्केटमध्ये गाठोडी उचलतात. ‘पाळी’ या शब्दाचा अर्थच त्यांच्यासाठी दुसरा झाला आहे. त्यांनी घरी येऊन झारी घ्यावी असं म्हणणं निर्दयपणाचं होईल. त्यापेक्षा महिन्याला माळ्याचा ठेका द्यावा, पैसे मोजावेत, मोकळं व्हावं.

ठेक्याला माझा विरोध नाही. माळी हवाच. पण आमच्याकडे दहा वर्षांत पाच ठेके झाले आणि पाचही मोडले. शेवटचा माळी सोडून गेला त्या दिवशी मी त्याला फाटकाशी गाठलं. तो दाहोदकडचा, तिशीतला. म्हणाला, “साहेब, एक जण म्हणतो फांदी छाट, दुसरा म्हणतो का छाटली. पाइप मागितला तर प्रमुख म्हणतात मंत्र्यांना विचार, मंत्री म्हणतात प्रमुखांना. मी बादलीनं किती घालू?” (प्रमुख म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आणि मंत्री म्हणजे सचिव.) त्यानं चाळीस फुटांच्या पाइपसाठी दोन महिने वाट पाहिली होती. ठेक्यानं आपण काम विकत घेऊ शकतो, लक्ष विकत घेता येत नाही. माळ्याला सांगणारा एकच माणूस असायला हवा, आणि तो माणूस महिन्यामहिन्याला बदलला तरी चालेल, पण आज तो कोण आहे हे सगळ्यांना माहीत हवं. पाळी म्हणजे एवढंच. लूमवरून थकून आलेल्या माणसानं माती उकरायची नाही. आपल्या विंगचा महिना असेल तेव्हा दिवसातून एकदा चौकातून चक्कर मारायची, पाइप फुटला असेल तर सांगायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या. वर्षात एक महिना.

आणि ‘कोणाचं काय जातं’ या प्रश्नाचं उत्तर दुपारी तीन वाजता चौकात उभं राहिलं की मिळतं. इथल्या कितीतरी बायका घरी साड्यांचं काम आणतात. पदराला खडे चिकटवणं, टिकल्या लावणं, लेस जोडणं. त्याला उजेड लागतो. फ्लॅटच्या आतल्या खोलीत तो नसतो, म्हणून त्या जिन्याच्या वळणावर बसतात, पाय मुडपून, मांडीवर साडी पसरून, येणाऱ्या-जाणाऱ्यानं अंग चोरत जायचं. सीओपीत उजेड भरपूर आहे, पण सावली नाही. सिमेंटच्या छत्रीखाली दुपारी हात लावता येत नाही इतका बाक तापतो. दोन कडुनिंब आणि तीन करंज असते तर तिथे पंधरा बायकांना कामाला बसता आलं असतं. त्यांच्या दिवसाच्या मजुरीत, डोळ्यांत, पाठीत फरक पडला असता. या चौकावर पोट नाही असं कोणी म्हणू नये. पोट आहे, फक्त ते सभेत येत नाही.

सभेत न येणाऱ्यांत भाडेकरूही आहेत. सहकारी कायद्यानं मत सभासदाला, म्हणजे मालकाला. आमच्याकडचे कितीतरी मालक वेसूला किंवा पाल गावाकडे राहायला गेले आणि इथे भाडेकरू ठेवले. चौक वापरतो भाडेकरू, हात वर करतो मालक. मालकाला फ्लॅट विकताना चौक फोटोत चांगला दिसावा असं वाटतं, म्हणून त्याला कारंजं हवं. भाडेकरूच्या सासूला बसायला सावली हवी. दोघांच्या बागा वेगळ्या आहेत. फड पद्धतीचं मी एवढं कौतुक केलं, पण तिच्यातही ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पाण्यात पाळी नव्हती, मग त्याच पाटाचा गाळ काढताना त्याची पाठ का मोडेना. तिची जाण घ्यायची तर तिची ही उणीव मुद्दाम सोडून द्यावी लागेल. सभासदत्व कायद्यानं ठरू दे. पाळीच्या वहीत नाव मात्र इथे राहणाऱ्याचं असलं पाहिजे.

आता काय लावायचं. याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती सगळ्यांना पटतील असं नाही.

हिरवळ सोडून द्यावी. तिला जितकं गोडं पाणी लागतं तितकं आपल्याकडे नाही, आणि मांडव, गरबा, आमच्या खानदेशी कानबाई देवीची मिरवणूक, पोरांचं क्रिकेट हे सगळं तिला सोसत नाही. गणपती सुरतेत बसवायचेच आहेत, नवरात्रात गरबा खेळायचाच आहे. ते बागेवरचं आक्रमण नाही, तो या चौकाचा पहिला उपयोग आहे. मधली निम्मी जागा मातीचं मैदान म्हणून कबूल करावी, उतार देऊन, चोपून. मांडवाच्या खांबांसाठी जमिनीत लोखंडी नळ्या कायमच्या गाडाव्यात, वर्षभर झाकण लावून. म्हणजे दरवर्षी नवे खड्डे पडणार नाहीत आणि मुळांवर पहार बसणार नाही. हे काम एका वेल्डरचं, दोन दिवसांचं. त्यासाठी लँडस्केपवाला लागत नाही.

पेव्हर ब्लॉक मात्र नकोत. पावसात मिठी खाडी फुगली की लिंबायतच्या घरांत पाणी शिरतं. दरवर्षी महापालिकेला शिव्या बसतात. प्रत्येक सोसायटीनं आपला चौक सिमेंटनं बंद केला तर तिथलं पाणी कुठे जाणार? गटारात, गटारातून खाडीत, खाडीतून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात.

कडेची जागा झाडांची. तिथला राडारोडा काढावा लागेल, तो एकच मोठा खर्च आणि तो टाळू नये. मातीत जिप्सम आणि भरपूर कुजलेला पाला. पाला आमच्याकडे रोज गोळा होतो आणि संध्याकाळी फाटकामागे पेटवला जातो. २०१६च्या घनकचरा नियमांनी पालापाचोळा जाळायला मनाई केली आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. ज्याची आपल्या मातीला सगळ्यात जास्त गरज आहे तेच आपण रोज धूर करून शेजाऱ्यांच्या खिडकीत पाठवतो. पाण्यासाठी एसीचं पाणी आहे. मार्चपासून जूनपर्यंत ते गॅलरीगॅलरीतून ठिबकत असतं, त्यात क्षार नसतात, एका नळीनं खाली आणलं तर रोपं जगतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरच्या कडेला जिरवलं तर बोअरचा खारटपणाही काही वर्षांत सौम्य होऊ शकतो. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालू नये, त्यात क्षार आणखी साठलेले असतात. अनेक जण चांगल्या हेतूनं ते घालतात म्हणून हे लिहिलं.

कोनोकार्पसबद्दल. २०२३च्या सप्टेंबरात गुजरातच्या वन विभागानं त्याची रोपं तयार करायला आणि लावायला बंदी घातली. मुळं केबल आणि पाण्या-गटाराच्या लाइनी बिघडवतात, परागकणांनी सर्दी-खोकला, दम्याचा त्रास वाढतो, अशी कारणं दिली. पण म्हणून आमची सगळी भिंत एका दिवसात कापून टाकावी हे मला पटत नाही. तिच्यात बुलबुलांची घरटी आहेत, आणि तळमजल्यावरच्या घरांना पश्चिमेच्या उन्हाची तेवढीच एक आड आहे. एक सोडून एक काढावं, जागेवर कडुनिंब, करंज, बकुळ, तामण लावावी, ती माणसाच्या उंचीची झाली की उरलेली काढावीत. पाडव्याच्या सकाळी आम्ही सारे गुढीसाठी कडुनिंबाच्या टाळ्याला दहा-दहा रुपये मोजतो, आणि चौकात शंभर कोनोकार्पस उभे असतात.

आणि पहिलं वर्ष काहीच लावू नये. हे सांगितलं की लोक निराश होतात. पण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण पाहा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशे हेक्टरांहून जास्त जंगल परत आणलं, त्यासाठी पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या जंगलाचा फार मोठा भाग लावलेला नाही, राखलेला आहे. गावानं तोडीवर बंदी घातली, दंड ठरवला, राखण ठरवली, आणि जमिनीत जे होतं ते वर आलं. तिथे आधी पाळी आली, मग झाडं. आमच्या चौकात जमिनीतून आपोआप काय येईल याची मला मोठी आशा नाही, प्लास्टरखालून काय येणार. तरी एक पावसाळा पाहावा: पाणी कुठे साचतं, सावली किती वाजता कुठे पडते, बायका कुठे बसतात, पोरं कोणत्या कोपऱ्यातून पळतात. हे एका वर्षात वहीत आलं तर त्यातूनच नकाशा निघेल, आणि तो कॉम्प्युटरवरच्या चित्रापेक्षा खरा असेल. जी रक्कम मंजूर होईल तिचा मोठा भाग तीन वर्षांच्या माळ्याच्या पगारासाठी बाजूला ठेवावा. आजवर आम्ही उलट केलं. सगळे पैसे पहिल्या महिन्यात जमिनीत घातले आणि छत्तिसाव्या महिन्यासाठी काहीच ठेवलं नाही.

दुसरी सभा मागच्या रविवारी झाली. लँडस्केपवाल्याचा प्रस्ताव तहकूब ठेवला, फेटाळला नाही. मंत्र्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर महिने आणि विंगा लिहिल्या. जून, ए विंग. जुलै, बी विंग. नावं विचारली तेव्हा बी विंगमधल्या एका भाडेकरू बाईंनी उभं राहून विचारलं, “आमचं लिहिलं तर चालेल का? आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर आहोत.” प्रमुखांनी मंत्र्यांकडे पाहिलं. आबा या वेळी पुढच्या खुर्चीवर होते. ते म्हणाले, “लिहा हो. पावसाळा चारच महिन्यांचा असतो.”

मंत्र्यांनी लिहिलं. मंगळवारी संध्याकाळी त्या बाई कोपऱ्यातल्या खड्ड्याशी वाकून उभ्या होत्या, हातात मुलाची शाळेची पट्टी. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाणी किती उरलं ते त्या मोजत होत्या.